सक्तीचा एकांत आणि रितेपण: ख्रिस्ती साधनेची एक वाट

आजारपण, साथ, वार्धक्य, तुरुंगवास किंवा दूरदेशीची नोकरी यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस आपल्या माणसांपासून आणि मंडळीपासून, म्हणजे चर्चच्या समुदायापासून, तुटला, तर पहिले काही दिवस बहुधा बरे जातात. राहून गेलेली कामे हातावेगळी होतात, झोप पुरी होते आणि पवित्र शास्त्र सलग वाचून काढण्याचा जुना संकल्पही या वेळी तडीस जाईल असे वाटू लागते. पुढे मात्र दिवस पोकळ होत जातात, वाचलेले मनात उतरत नाही, प्रार्थनेला बसावे तर बोलण्यासारखे काही उरलेले नसते, आणि देवही या घरातून निघून गेला की काय अशी शंका येऊ लागते. त्या अवस्थेत काय करावे, याची ही मांडणी आहे. तिच्यामागचे सूत्र एकच आहे: रिकामी जागा मिळेल त्या वस्तूने भरून टाकू नये, तिचे कौतुकही करीत बसू नये, तर ती देवाच्या दिशेने उघडी ठेवावी.

आधी शरीर

आत्मिक उपायांकडे वळण्यापूर्वी एलीयाची गोष्ट वाचावी (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, चाकराला बैर-शेबा येथे मागे ठेवून एकटाच रानात गेला आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. त्यावर देवाने त्याला उपदेश केला नाही आणि विश्वास कमी पडल्याबद्दल रागेही भरला नाही. देवदूताने त्याला हलवून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि परत झोपी गेला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले तेही जेवण्यासाठीच, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची मंद वाणी हे सारे घडले ते ४० दिवसांची वाट चालून होरेब डोंगरास पोहोचल्यावर.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. एकांतात जेवणाच्या वेळा टळतात, रात्रीचा दिवस होतो, अंगाला ऊन लागत नाही आणि मग येणाऱ्या मरगळीला आपण आत्मिक कोरडेपणा असे भारदस्त नाव देतो. म्हणून जेवण, झोप, आंघोळ आणि जमेल तेवढे चालणे हे सर्व ठरल्या वेळी व्हावे, आणि प्रार्थनेची वेळ त्यानंतर ठरवावी. झोप आणि भूक कित्येक दिवस हरवलेली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात येत असेल, तर तो विचार त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावा आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. मरण मागितल्याबद्दल एलीयाला दोष मिळाला नाही, तसा आपल्यालाही मिळणार नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरातीलच कोणी धाक दाखवून तुम्हाला इतरांपासून तोडत असेल, तर त्या एकांताला साधना म्हणू नये. त्यातून बाहेर पडण्यासाठी मदत मागणे हेच तेथे देवाच्या इच्छेला धरून आहे.

अर्थ शोधावा, पण कारण लादू नये

“देवाने मला ही वेळ का दाखवली?” हा प्रश्न मनात येणारच. तो देवाला विचारण्यास हरकत नाही, मात्र त्याचे उत्तर स्वतःच रचून मोकळे होण्याची घाई करू नये. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे वागणे योग्यच होते. ते कारणमीमांसा करू लागले तेथे चुकले, आणि शेवटी देवाचा कोप ओढवला तो त्यांच्यावर. शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा तर्क येशूने साफ नाकारला (लूक १३). त्यामुळे “तुला शांत बसवण्यासाठीच देवाने हे केले” असे कोणी फोनवर सांगितले, तर ते मनावर घेण्याचे कारण नाही. माझ्या मते हे वाक्य कोणत्याही आजाऱ्याला कोणीही ऐकवू नये.

कारण कळले नाही तरी अर्थ लाभू शकतो. हा काळ मी कोणासमोर आणि कसा जगतो, यातून तो अर्थ घडत जातो.

आपले रितेपण कोणते, ते ओळखावे

एका निवांत वेळी कागद घेऊन आपल्याला नेमके काय रिकामे वाटते ते लिहून काढावे. बहुतेकांच्या कागदावर तीन गोष्टी येतात: माणसांची उणीव, आपल्या उपयोगाची उणीव आणि देवाच्या जवळिकीची उणीव. तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी प्रत्येकीचा विचार वेगळा करावा लागतो.

माणसांच्या उणिवेबद्दल जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी लिहिलेले मला सर्वांत खरे वाटते. हिटलरच्या राजवटीने त्यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली. बर्लिनमधील टेगेल तुरुंगातून १९४३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आपल्या मित्राला आणि त्याच्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले, त्याचा आशय असा: प्रिय माणसाच्या नसण्याची जागा दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, देव ती पोकळी भरून काढतो असे म्हणणे चुकीचे आहे, तो ती रिकामीच ठेवतो आणि त्यामुळे, वेदना सोसून का होईना, परस्परांचे नाते टिकून राहते. उपासनेत आपण अनेकदा याच्या नेमके उलट ऐकतो. याची साधना अगदी साधी आहे. ज्या वेळी त्या माणसाची आठवण सर्वाधिक येते, त्या वेळी टीव्ही लावण्याऐवजी त्याचे नाव मोठ्याने घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी. पोकळी तेवढीच राहते, पण तिचे मध्यस्थीच्या प्रार्थनेत रूपांतर होते.

उपयोगाची उणीव अधिक बोचरी असते, कारण ती कबूल करण्याची लाज वाटते. रविवारशाळा चालवणारा, गायकवृंदात गाणारी, दर आठवड्याला आजाऱ्यांना भेटणारा असे लोक घरात अडकले की आपण कोणाच्याच कामाचे उरलो नाही असे त्यांना वाटते. त्यांनी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचावा. तो प्रेषित पौलाने बंदिवासात असताना लिहिला, हे ध्यानात ठेवून वाचावा. देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप घेतले, असे पौल तेथे सांगतो. येथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ख्रिस्ताने स्वतःहून दिले, आपल्याकडून काढून घेतले गेले आहे. म्हणून प्रत्येक सक्तीच्या नुकसानीला लगेच ख्रिस्ताचे अनुकरण म्हणणे बरोबर नाही. तरीही काढून घेतलेल्यातले थोडे आपण मागाहून स्वखुशीने देऊ शकतो. “माझ्यावाचून रविवारशाळा नीट चालली आहे” हे ऐकून पोटात कालवते, त्याच क्षणी जो तेथे उभा आहे त्याच्यासाठी आशीर्वाद मागणे, हे असे देणे आहे. पहिल्यांदा ते बळेच करावे लागते, आणि तसे केले तरी चालते.

तिसऱ्या, म्हणजे देवाच्या जवळिकीच्या उणिवेसाठी स्तोत्रसंहिता हाताशी ठेवावी. तेराव्या स्तोत्रातला भक्त “कोठवर?” असे चार वेळा विचारतो. एकशे दोनाव्या स्तोत्रातला भक्त स्वतःला छपरावरच्या एकाकी चिमणीची उपमा देतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात जसेच्या तसे ठेवलेले आहे. स्वतःचे विलापस्तोत्र लिहून पाहावे: आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणे आणि शेवटी विश्वासाचे एखादे वाक्य. ते शेवटचे वाक्य मनापासून येत नसेल तर लिहू नये. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राने तेवढी मुभा दिली आहे. बावीसाव्या स्तोत्राची सुरुवात, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”, वधस्तंभावर प्रत्यक्ष येशूच्या तोंडी आली, तेव्हा देव दूर वाटण्याला अविश्वास म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक दशके त्यांनी आतून असाच अंधार सोसला होता आणि या काळात त्यांची प्रार्थना व सेवा थांबलेली नव्हती, हे जगाला कळले.

मोकळ्या कबरेचे वाचन

रितेपणाविषयी एकच उतारा वाचायचा असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील पहिली १८ वचने घ्यावीत आणि ती आठवडाभर, रोज थोडी थोडी, शक्यतो मोठ्याने वाचावीत.

पहिल्या दिवशी फक्त पाहण्याचे काम करावे. अंधार आहे, येशूच्या कबरेवरची धोंड बाजूला सारलेली आहे, दोन शिष्य धावत येतात. पेत्राबरोबरचा शिष्य आधी पोहोचतो पण बाहेरूनच वाकून पाहतो. पेत्र सरळ आत शिरतो. तागाची वस्त्रे पडलेली आहेत आणि डोक्याला गुंडाळलेला रुमाल त्यांच्यासोबत नसून वेगळा, एका जागी गुंडाळून ठेवलेला आहे. चोरांनी प्रेत पळवले असते तर रुमालाची ही व्यवस्था कशाला केली असती, असे वाचक शतकानुशतके विचारत आले आहेत. आपण त्या रुमालापाशी थोडे थांबावे. येथे काही नाही, पण जे नाही त्याचा मागमूस नीटनेटका ठेवलेला आहे.

नंतरच्या दिवशी दहावे आणि अकरावे वचन एकत्र वाचावे. शिष्य घरी परत जातात. मग्दालीया मरीया मात्र कबरेबाहेर रडत उभी राहते. तिला काही समजलेले नसते आणि तिच्या मनातला अंदाज तर चुकीचाच असतो. ती फक्त जागा सोडत नाही. ती आत डोकावते तेव्हा जेथे येशूचे शरीर ठेवले होते तेथे दोन देवदूत दिसतात, एक उशाशी आणि एक पायथ्याशी, आणि मधली जागा मोकळी असते. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावरील, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरील, दयासन नावाच्या झाकणाचे वर्णन जवळजवळ असेच आहे: दोन टोकांना दोन करूब (पंख असलेल्या स्वर्गीय आकृती) आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून मी तुझ्याशी बोलेन, हे देवाचे वचन. इस्राएलाच्या उपासनेचे केंद्र असे मूर्तीविना होते. इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे यरुशलेम जिंकून तेथील मंदिराच्या सर्वांत आतल्या, परमपवित्र स्थानात शिरला, तेव्हा तेथे कोणत्याही देवाची प्रतिमा नव्हती, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस याने केली आहे. पॉम्पेला ती निव्वळ रिकामी खोली दिसली. देवाशी बोलणे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यासाठी मात्र तीच भेटीची जागा होती.

शेवटच्या दिवसांसाठी पंधरावे, सोळावे आणि सतरावे वचन ठेवावे. मरीया येशूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती ओळखते. आणि लगेच तो सांगतो की मला धरून बसू नकोस, माझ्या भावांकडे जा. या तीन गोष्टींपैकी आपण सध्या कोठे आहोत, एवढेच त्या दिवशी स्वतःला विचारावे. पहिल्याच पायरीवर असलो तरी ते उपासनेतून वगळलेले नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट तर याहूनही आधी, कबरेतून घाबरून पळालेल्या आणि कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशी होतो.

दिवस आणि दुपार

प्रार्थनेसाठी एक जागा आणि दोन वेळा ठरवाव्यात, सकाळची आणि संध्याकाळची. पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. एक स्तोत्र, थोडी शांतता, तीन-चार माणसांची नावे आणि प्रभूची प्रार्थना. याहून अधिक काही नको. जोशात तासभराचा नेम करणारे आठवडाभरात तो मोडतात आणि मग अपराधीपणामुळे पंधरा मिनिटेही बसत नाहीत. शांततेत मन भरकटले तर “प्रभू येशू, मजवर दया कर” एवढे वाक्य श्वासाच्या लयीत म्हणावे.

खरी कसोटी दुपारी असते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा संन्यासी तिचे वर्णन करतो: सूर्य जागचा हललेला दिसत नाही, दिवस ५० तासांचा वाटतो, मठवासी सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कोणी भाऊबंद येतो आहे का ते न्याहाळतो, आणि शेवटी ही जागा, हे काम, हे जिणेच त्याला नकोसे होते. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला की हे वर्णन आजचे होते. त्या परंपरेतला उपाय असा की त्या घडीला कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, जागा सोडू नये आणि हाताला लहानसे काम द्यावे. ते संन्यासी टोपल्या विणत; आपण कपड्यांच्या घड्या कराव्यात, भाजी निवडावी, एखादे पत्र लिहावे. उपदेश मागायला आलेल्या एका बंधूला त्याच वाळवंटातले वडीलधारे संन्यासी अब्बा मोशे म्हणाले होते की जा, आपल्या खोलीत बस, खोलीच तुला सर्व काही शिकवील.

रिकामेपण आपोआप पवित्र होत नाही, हे मात्र विसरू नये. झाडून, सजवून रिकामे ठेवलेल्या घरात गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो, असा इशारा येशूने दिला आहे (मत्तय १२). एकांतात जुने राग, हिशेब आणि व्यसने अशीच परततात. तसे जाणवले तर ते गुप्त न ठेवता पाळकांना, धर्मगुरूंना किंवा विश्वासातल्या मित्राला सांगावे.

एकटे, तरी मंडळीत

“मनुष्य एकटा असावा हे बरे नाही” हे देवाचे वचन उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि कोणत्याही साधनेने ते रद्द होत नाही. चौथ्या शतकातील बिशप बेसिल यांनी एकट्याने राहणाऱ्या संन्याशांना विचारले होते की तुम्ही एकटेच असाल तर पाय कोणाचे धुणार? म्हणून रोज निदान एका माणसाशी त्याच्या गरजेविषयी बोलावे, आपल्या नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडमधील नॉरिच येथील ज्युलियन या एकांतवासी साध्वी चर्चला लागून असलेल्या कोठडीत जन्मभरासाठी बंद झाल्या होत्या. त्यांच्याकडेही लोक सल्ल्यासाठी येत असत.

प्रभुभोजनाला मुकणे हे बहुतेकांचे सर्वांत मोठे दुःख असते. त्याबाबत जुन्या मंडळ्यांनी विचार करून ठेवला आहे. अँग्लिकन मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्यांसाठी असे सांगितले आहे की ज्याला प्रत्यक्ष भाकर आणि द्राक्षारस घेता येत नाही, त्याने खरा पश्चात्ताप करून, ख्रिस्ताने आपल्यासाठी मरण सोसले यावर दृढ विश्वास ठेवून आभार मानले, तर मुखाने न घेताही त्याला ख्रिस्ताच्या शरीराचा आणि रक्ताचा लाभ होतो. कॅथॉलिक परंपरेतही अशा आत्मिक सहभागाला जुनी मान्यता आहे. आपली मंडळी ज्या वेळी उपासनेला जमते त्याच वेळी बसावे, त्या दिवशीचे शास्त्रपाठ वाचावेत आणि मग ही प्रार्थना करावी. ऑनलाइन उपासनेचा आधार घ्यावा, मात्र ती पाहताना इतर कामे करू नयेत. उभे राहण्याच्या वेळी उभे राहावे आणि उत्तरे मोठ्याने द्यावीत.

आणखी एक वाचन सुचवतो. रूथच्या पहिल्या अध्यायात नामी बेथलेहेमात परतते आणि गावच्या बायांना सांगते की मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. ती हे बोलते तेव्हा तिची सून रूथ तिच्या शेजारी उभी असते. नामीचे दुःख खोटे नव्हते. पती आणि दोन्ही मुलगे गेले होते. पण त्या दुःखात तिला शेजारचे माणूस मोजता आले नाही. आपल्या कागदावर उणिवांची यादी झाली की त्याच कागदाच्या मागे जी माणसे अजून विचारपूस करतात त्यांची नावे लिहावीत: डबा आणून देणारी, औषध पोहोचवणारा, रात्री “जेवलात का?” एवढेच विचारणारा. पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तीच रूथ सहा मापे जव घेऊन सासूकडे येते, कारण शेतमालक बवाजाने तिला रिकाम्या हाताने जाऊ दिलेले नसते.

विलगीकरण संपल्यावर दिवस लगेच गच्च भरू नयेत. सकाळची पंधरा मिनिटे तशीच ठेवावीत. जे अजूनही बाहेर पडू शकत नाहीत, त्यांची यादी पाळकांकडून मागून घ्यावी. त्यांच्याकडे जाताना आधी वेळ विचारावी, गेल्यावर उपदेश करू नये, त्यांच्या पसंतीचे एक स्तोत्र त्यांना वाचून दाखवावे आणि निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा वार ठरवून घ्यावा.